उजवी नळी

अक्का,

तुझा तेरावा परवा झाला. शिंदखेड्याचे पाहुणे सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं परत गेले. मावशी जाताना तुझं तांब्याचं घंगाळ मागून घेऊन गेली. तू असतीस तर दिलं नसतंस, म्हणून तुझ्या वतीनं मी थोडं तोंड वाकडं केलं. मग धुळ्याच्या तुझ्या या दोन खोल्यांत मी एकटा उरलो. काल सकाळी शिडी चढून घरावरच्या धाब्यावर गेलो आणि तुझी दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. काय दिसलं ते सांगायला आज रात्री हे लिहितोय, पण ते एकदम सांगता येत नाही. माझ्यासारख्या जळगावच्या माणसाला आगगाडीनं धुळ्याला यायचं तर आधी चाळीसगावला जाऊन गाडी बदलावी लागते, आणि दामूचं बोलणंही चाळीसगाववरूनच येतं, असं तूच म्हणायचीस.

तुझ्या शाळेत सभा झाली. मोठ्या बाईंनी तू किती वर्षं नोकरी केलीस, किती मुली शिकवल्यास ते कागदावरून वाचून दाखवलं. सगळं खरं होतं, आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. दुर्बिणीचा उल्लेख 'निसर्गाची आवड' एवढ्यावर भागला. डोळ्याचं तर कुणी नावही काढलं नाही. आपल्या घरातली रीत शाळेनंही उचललेली दिसली.

सहा वर्षांची असताना तुला देवी आल्या आणि जाताना उजवा डोळा घेऊन गेल्या. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्यामुळे तुझा चेहरा मला पहिल्यापासून तसाच ठाऊक, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या मोठ्या बहिणी अशाच असतात. घरात त्या डोळ्याबद्दल बोलायचं नाही हा नियम कुणी घातला कोण जाणे. तुला बघायला आलेली मंडळी परत जायची तेव्हा नाना म्हणायचे, पत्रिका जुळली नाही. पुढे तू ट्रेनिंग करून मास्तरीण झालीस तेव्हाही म्हणाले, पोरीला शिकायचीच हौस. नियम मोडायची ती एकटी आई, तीही तू दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसलीस की. जे उरलंय ते जप, एवढंच तिचं म्हणणं असायचं.

आणि अशा बाईला हवी काय झाली, तर दुर्बीण.

पांझरेवरचे बंधारे बघायला आलेल्या त्या इंजिनियरसाहेबांनी हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं. तू मुलींना घेऊन नदीवर गेली होतीस. वाळूत चक्रवाकांची जोडी बसली होती. साहेबांनी गळ्यातली दुर्बीण काढून तुझ्या हातात दिली. चक्रवाकाच्या डोळ्यात ऊन पडलेलं दिसलं, असं तू मला लिहिलंस. पक्ष्याला डोळा असतो हे मला माहीत होतं, पण तो आपल्याकडे बघतो हे माहीत नव्हतं, असंही लिहिलंस. ते पत्र मी अजून ठेवलंय.

मग दोन वर्षं तू पैसे साठवलेस, आणि एक दिवस जळगावला माझ्या नावावर चारपानी फर्मान आलं. दुर्बीण कशी हवी याच्या अटी होत्या त्यात. तासभर हातात धरली तरी मनगट भरून येऊ नये. तिच्यावर दोन आकडे कोरलेले असतात, त्यातला पहिला, म्हणजे किती पट जवळ दिसतं तो, सहा-सात असावा, आठाच्या वर नको. लोक मोठा आकडा बघून भुलतात, पण मोठ्या आकड्याला हाताची थरथरही मोठी होते. पक्षी तर हलतोच, चांदणी नाचायला लागते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी. ती तिसाच्या खाली नको, नाहीतर तिन्हीसांजेनंतर काही दिसणार नाही आणि मग कृत्तिका बघायच्या कशा? नवी परवडणार नाही, जुनी चालेल. आणि शेवटी, खाली रेघ मारून: दोन नळ्यांचीच बघ.

मी उलट टपाली लिहिलं की एका नळीची पितळी दुर्बीण निम्म्या पैशांत मिळते. त्यापुढे 'आणि तुला तेवढी पुरे' असं लिहिलं, आणि घाबरून खोडलं. पण टाकानं खोडलेलं उजेडात धरलं की वाचता येतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. तुझ्याकडून कार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते: दोन नळ्यांचीच.

घड्याळजी इनायतमियाँचं दुकान तुला पुढे चांगलंच माहीत झालं, पण त्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. घड्याळं, चष्मे, गोऱ्या साहेबांनी बदली होऊन जाताना विकलेलं किडूकमिडूक, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्यांनी हिरव्या कापडावर तीन वस्तू मांडल्या. पहिली पितळी, एका नळीची. भिंतीला टेकून धरल्याशिवाय तिच्यातून काही सापडत नव्हतं, आणि सापडलेलं लगेच हरवायचं. दुसरी नाटकात बसून बघायची, शिंपल्याच्या मुठीची. इतकी देखणी की मी जवळजवळ घेतलीच होती, पण तिच्यातून समोरचा पानवाला जेमतेम हातभर पुढे आला. तिसरी आधीच्या मोठ्या लढाईतली, काळी, कातडं झिजलेली, कुणा सोल्जराच्या गळ्यात फिरून आलेली. तिच्यावर सहा आणि तीस. मी ती कापसाच्या जिनिंग गिरणीच्या धुराड्याकडे धरली. धुराड्यावर घार बसली होती. तिनं मान वळवली तेव्हा चोचीचा बाक मला दिसला. मी भाव विचारला. तुझ्या पैशांत बसत होता, वर गळ्यातला नवा पट्टा घेण्यापुरते उरतही होते. मी दुर्बीण रुमालात गुंडाळली आणि निघालो.

भाव इतका कमी का, हे विचारायला हवं होतं. कापसाची पारख करून पोट भरणारा माणूस मी. कुणी भाव पाडून सांगितला की मी गाठ फोडून पोटातला कापूस बघतो. इथे भाव ऐकून खूश झालो.

धुळ्याला याच धाब्यावर तू आधी बघितलंस. बराच वेळ बघितलंस. शेजारच्या पत्र्यावर चिमणी आहे आणि तिच्या चोचीत गादीतला कापूस आहे, असं म्हणालीस. तुझा आवाज बदलला होता. मग दुर्बीण माझ्याकडे दिलीस, आणि मी ती पहिल्यांदा दोन्ही डोळ्यांना लावली. डाव्या नळीत चिमणी होती. उजव्या नळीत दूध होतं. आत भिंगांवर बुरशी धरलेली, नुसतं पांढरं धुकं.

माझा चेहरा बघून तू विचारलंस, आणि मी सांगितलं. तू हसलीस. इतकी हसलीस की कठड्याला धरून खाली बसलीस. कापसाच्या माणसानं गाठीच्या एका अंगाचा नमुना काढला आणि सगळी गाठ पास केली, असं म्हणालीस. ही गोष्ट तू पुढे आईला सांगितलीस, शाळेत सांगितलीस, आमच्या कापसाच्या प्रेसच्या शेठला भर लग्नात सांगितलीस. मी परत करून येतो म्हणालो, तर तू दुर्बीण पदराखाली घेतलीस.

"राहू दे. एका डोळ्याची वस्तू एका डोळ्याच्या माणसाकडे आली. बिघडलं कुठे?"

जन्मात पहिल्यांदा मी तुझ्या तोंडून तुझ्या डोळ्याबद्दल ऐकत होतो. तू मजेत म्हणालीस, मला टोमणा वाटला. मला वाटलं, ते खोडलेलं वाक्य तू आता व्याजासकट परत करते आहेस. मी रागावून म्हणालो की ह्या वस्तूला मी पुन्हा हात लावणार नाही. खान्देशी माणसाचा शब्द. भाकरी मोडेल, शब्द मोडायचा नाही. मोडला असता तर बरं झालं असतं.

आता जे कधी बोललो नाही ते बोलतो. अक्का, मी एका अंगाचा नमुना काढला तो चुकून नाही. दुकानात दुर्बीण हातात घेतली तेव्हा मला वाटलं की मी दोन डोळ्यांनी बघून काय उपयोग, बघायचंय तुला. म्हणून मी उजवा डोळा घट्ट मिटला आणि तिन्ही दुर्बिणींतून फक्त डाव्या डोळ्यानं बघितलं. तुला कसं दिसेल ते बघत होतो. उजव्या नळीत काय आहे ते मला कळणार कसं? पण हे धाब्यावर तुला सांगायचं म्हणजे तुझ्या डोळ्यावर बोट ठेवायचं. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला ते जमत नाही. मूर्ख ठरणं सोपं होतं. मी मूर्ख ठरलो आणि तसाच राहिलो.

त्यानंतरची वर्षं मात्र आपली मजेत गेली, हे कबूल केलं पाहिजे. कापसाचा हंगाम नसला की मी शनिवारी यायचो. रविवारी पहाटे आपण पांझरेवर जायचो, संध्याकाळी धाब्यावर. तू दुर्बीण लावायचीस आणि सांगायचीस, मी बाजूला बसून ऐकायचो. नीळकंठ तारेवरून उडाला, पंखाखाली दोन निळे आहेत, एक आकाशाचा आणि एक शाईचा. खंड्यानं मासा पकडलाय, आता दगडावर आपटतोय, चार वेळा, पाच वेळा, गिळला. करकोच्यांचा थवा हरभऱ्यात उतरला तेव्हा तू इतका वेळ बोललीस की तुझा घसा बसला आणि सोमवारी वर्गात मुलींना पाढे म्हणायला लावून नुसती बसून राहिलीस.

कृत्तिकांवरून तर भांडण ठरलेलं. मला सहा दिसायच्या. तू मोजायचीस आणि तीसवर जायचीस. माझा एक डोळा, तीस. तुझे दोन, सहा. कुणाचं लग्न व्हायला हवं होतं सांग, असं तू एकदा म्हणालीस, आणि आईसुद्धा हसली. तुझा आकडा दर वेळी वेगळा यायचा, हे मी दाखवून दिलं की म्हणायचीस, मग बघ ना एकदा, तूच मोज. मी म्हणायचो, तू सांग, मी ऐकतो.

'बघ ना एकदा' हे तू किती वेळा म्हणालीस, अक्का? कालपासून मी ते आठवत बसलोय.

आई जाईपर्यंत तिची भीती गेली नाही. "एकच डोया ऱ्हायना शे, तो बी काचमा घाली दे," असं ती खालून ओरडायची. उरलेला एकच डोळा, तोही काचेत घाल. आम्हा सगळ्यांनाच ती धास्ती होती. मला जास्त, कारण काच मी आणली होती. दर दिवाळीला मी तुला पंचांगातली बारीक अक्षरं वाचायला द्यायचो. तू समजून हसायचीस आणि वाचून दाखवायचीस. तो डोळा शेवटपर्यंत टिकला. तापाच्या चौथ्या दिवशीसुद्धा औषधाच्या बाटलीवरचं तू स्वतः वाचलंस आणि कंपाउंडरनं वेलांटी चुकवली म्हणालीस.

दुसरी लढाई सुरू असताना धाब्यावर दुर्बीण घेऊन उभी राहणारी बाई कुणाला तरी खुपली, आणि एक शिपाई चौकशीला आला. तू त्याला वर बोलावलंस, चहा दिलास आणि चंद्र दाखवलास. चहा तसाच निवत ठेवून तो बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, चांदले इतला खड्डा शेतस?" पुढच्या पौर्णिमेला तो बायकोला घेऊन आला. पौर्णिमेला खड्डे नीट दिसत नाहीत, अष्टमीला यायचं, असं तू त्याला बजावलंस, तर बिचारा अष्टमीला पुन्हा आला.

दोन नळ्यांचा हट्ट का, ते तू एकदाच सांगितलंस, तेही मी विचारलं नव्हतं तेव्हा. नदीवरून परत येत होतो. म्हणालीस, एका नळीची लावली असती तर दुसरा डोळा उघडा राहिला असता आणि लोकांनी तोच बघितला असता. दोन नळ्यांची लावली की दोन्ही डोळे झाकतात. तेवढा वेळ मी बाकीच्यांसारखी. तू हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंस आणि पुढे चालू लागलीस. मला तेव्हा माझं सांगता आलं असतं. वाट होती, वेळ होता. मी म्हणालो, ऊन चढलं, चल लवकर.

आता काल काय दिसलं ते.

पाहुणे गेल्यावर घर आवरत होतो. खुंटीवर दुर्बीण होती. शब्द दिला होता तो तुला, आणि तू तर गेलीस. मग शब्द कुणाशी पाळायचा, असं म्हणून मी ती घेऊन वर गेलो. डाव्या नळीचीच तयारी ठेवली होती. दोन्ही डोळ्यांना लावली. समोर लळिंगचा डोंगर होता, किल्ल्याचा बुरूज होता, बुरुजाच्या फटीतलं झुडूप होतं. सगळं स्वच्छ. मी डावा डोळा मिटला. बुरूज तिथेच होता. उजवा मिटला, तिथेच. दोन्ही उघडले, तर डोंगर नुसता जवळ आला नाही, पुढचा कडा मागच्या कड्यापासून सुटून उभा राहिला. दोन नळ्यांतून दोन डोळ्यांनी बघितल्यावर काय होतं, ते मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

बुरशी आपोआप जात नाही. आज सकाळची गाडी धरली, चाळीसगावला बदलली, आणि दुपारी इनायतमियाँच्या दुकानात जाऊन दुर्बीण हिरव्या कापडावर ठेवली. ते आता थकलेत, पण तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी आधी दोन्ही हात वर करून तुझ्यासाठी दुवा मागितली. मग दुर्बीण उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, नऊ साल झाले, काम अजून पक्कं आहे.

म्हणजे मी दुर्बीण आणली त्याच हिवाळ्यात, अक्का. मी यावलला कापूस बघायला गेलो होतो, तेव्हा तू दोनदा एकटी जळगावला आलीस आणि मला न भेटता परत गेलीस. ते म्हणाले, आतली भिंगं काढून धुणं अवघड नव्हतं, परत बसवणं अवघड होतं. केसाएवढं हललं तरी एकाच्या दोन चिमण्या दिसतात. तीन आठवडे ते त्याच धुराड्यावर दुर्बीण लावून बसत होते. न्यायला आलीस तेव्हा तुला स्वतःला ते तपासता येईना. तू त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिलीस की दोन्ही डोळ्यांनी एकच दिसतंय ना, नक्की एकच ना.

नऊ वर्षं, अक्का, दर रविवारी ती माझ्यासाठी तयार होती आणि मी हात मागे बांधून बसलो होतो. याचं वाईट वाटायला हवं, आणि तिथे दुकानात बसल्या बसल्या थोडं वाटलंही. पण खरं सांगू? मी ती पहिल्याच वर्षी उचलली असती तर मी माझं बघितलं असतं, तू तुझं. नीळकंठाचे दोन निळे मला कुणी सांगितले असते? मला जे मिळालं ते दुर्बिणीतून दिसणाऱ्यापेक्षा कमी नव्हतं. फक्त मी तुझ्याशी खरं बोललो नाही, ती सल मात्र जायची नाही, असं समजून मी उठायला लागलो.

निघताना मी इनायतमियाँना म्हणालो की तुम्ही त्या दिवशी मला उजव्या नळीचं सांगायला हवं होतं. त्यांना नवल वाटलं. ते म्हणाले, "दामूभाऊ, तुम्ही तर उजवा डोळा मिटूनच बघत होता. तिन्ही वेळा. मला वाटलं, ज्याच्यासाठी घेताय त्याचा तोच डोळा नसेल. म्हणून तर नळीचं न सांगता भाव उतरवला. बाई आल्या तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितलं."

मी विचारलं, ती काय म्हणाली?

"या स्टुलावर बसल्या. दुर्बीण मांडीवर घेऊन पदरानं पुसली. मग म्हणाल्या, उजवी नळी साफ करून द्या. माझ्या भावाचे दोन्ही डोळे चांगले आहेत."